ग्वेइलानची पेटी

ग्वेइलानचा कुणावरच विश्वास नव्हता; सुनेवर तर मुळीच नाही. शहर वाढत वाढत गान नदीकाठच्या त्यांच्या गावात घुसलं, भातशेतीत उंच इमारती उभ्या राहिल्या आणि फर्मान निघालं: यापुढे मेलेलं माणूस पुरायचं नाही, जाळायचं, घरोघरी करून ठेवलेल्या शवपेट्या जमा करायच्या. ग्वेइलानची पेटी तिच्या नवऱ्याने ती साठीची झाली तेव्हा स्वतः देवदाराच्या फळ्यांची केली होती. एका फळीवर त्याच्या चिलमीचा जळका डागसुद्धा होता. तो गेल्यावर दर वर्षी तिने पेटीला रोगणाचा हात दिला. मरणाचं तिला भय नव्हतं. झोपेन तर त्याच लाकडावर, एवढाच तिचा हट्ट होता.

सून युनशिया थंडीत आईच्या मयतीला माहेरी गेली आणि कोरड्या डोळ्यांनी परतली. तेव्हापासून सासूला गरम शेवयांचा वाडगा हातात आणून द्यायची. एवढी माया कधीपासून? त्यात एकदा ती दोरीने पेटीची लांबी घेताना सापडली.

"कसलं माप घेतेस गं?"

"धूळ पुसतेय, आई."

"दोरीने?"

ग्वेइलानने त्याच दुपारी झाकणावर मिरचीच्या बिया मांडून ठेवल्या. कुणी हात लावला तर कळायला नको?

मग मुलाने तिला डोळे दाखवायला शहरात नेलं. परतली तर बिया जमिनीवर सांडलेल्या आणि पेटी गायब. "पेट्या जमा करणाऱ्या ट्रकात तुमच्या सुनेनेच चढवली की," शेजारणीने आवर्जून सांगितलं.

"मी मरायची तरी वाट बघायचीस," ग्वेइलान सुनेला म्हणाली. युनशियाने शेजारणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

आठवड्याने ते नव्या इमारतीत राहायला गेले. म्हातारीसाठी नवीकोरी खाट होती. ही लाच आहे, असं म्हणून ती खुर्चीतच बसून राहिली. चप्पल शोधायला वाकली, तेव्हा खाटेखालून फळ्यांची काळी बाजू दिसली. कडेला चिलमीचा तोच जळका डाग होता.

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्हाला हळू बोलता येतं का, आई? गावभर झालं असतं."

"मग ट्रकात कुठली चढवलीस?"

"माझ्या आईची. आमच्याकडे फर्मान आधीच आलं होतं. तिला जाळलं. पेटी रिकामीच राहिली होती. तीच आणून तुमच्या पेटीच्या जागी दिली."

ग्वेइलानला फार शरम वाटली. आपल्यालाही जाळणारच आहेत, हे तिला ठाऊक होतं. ती खाटेवर आडवी झाली, सवयीने फळी ठोकून पाहिली आणि भिंतीकडे सरकली.

"ये," ती म्हणाली, "तूही टेक जरा."