लाठीच्या आवाजाची आकृती

लॅबच्या मिस्त्रींनी भुशाच्या पोत्यावर लाठी हाणली आणि मला विचारलं, काय ऐकू आलं. मी म्हटलं, फटका. त्यांनी पुन्हा हाणली, आणखी जोरात. भुसा माझ्या तोंडावर उडाला.

"दोन आवाज हायेत. पहिले लाठी, मंग पोतं. दोन डब्बे काढ."

मी ग्राफपेपरवर दोन चौकोन काढले. नागपूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सत्तरच्या दशकात एक ॲनालॉग कॉम्प्युटर होता. त्याला लिहून काही सांगता येत नसे. चौकोन आणि रेघांचं चित्र काढायचं आणि प्रत्येक रेघेसाठी बोर्डावर एक वायर खोचायची. यंत्र गणितासाठीच आणलेलं, पण स्पीकर जोडला की गणित ऐकू येई. गॅदरिंगच्या नाटकात लाठीमार होता. तो आवाज यंत्रावर काढू द्या, असं मी लॅबच्या प्रमुख सरांना चिठ्ठीवर लिहून दिलं होतं; तोंडाने मागायची हिंमत नव्हती. सरांनी अट घातली, मिस्त्री शेजारी हवेत, जबाबदारी त्यांची.

मिस्त्री पन्नाशीचे, महाल वस्तीतून सायकलने येत. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे. माझी कॉन्व्हेंटची अक्षरं बोटाने झाकून ते नुसत्या रेघा वाचत. आठवडाभर ते पोतं बडवत राहिले आणि मी वायरी बदलत राहिले. पोतं फाटलं. आवाज मात्र अंगावर काटा यावा इतका जमला.

शेवटच्या दिवशी ते पाणी प्यायला गेले. फटका जरा रेंगाळावा म्हणून मी बाहेर येणारा आवाज पुन्हा आत सोडला. आत जायला दोन छिद्रं होती. एकात आवाज होता तेवढाच राही, दुसऱ्यात दसपट होई. माझी पिन दहाच्या छिद्रात गेली. यंत्र किंचाळलं, स्पीकरचा पडदा फाटला. मिस्त्री धावत आले, त्यांनी वायरी उपटल्या. सर आत आले तेव्हा त्या मिस्त्रींच्याच मुठीत होत्या.

सरांनी त्यांच्या कानाखाली वाजवली. टोपी बोर्डावर पडली. पुन्हा असं झालं तर नोकरीवरून काढीन, म्हणाले आणि गेले. मी टेबलाची कड धरून उभी होते.

मिस्त्रींनी वायरींचा झुबका माझ्यासमोर टेबलावर फटकारला. एक पिन माझ्या मनगटात घुसली.

"तुले तर इंग्रजी येते. काहून नाही बोलली वं?"

रक्त पुसून मी सरांच्या केबिनमध्ये गेले, चूक माझी म्हणून सांगितलं. सर हसले. मला बसवलं, चहा मागवला. शिकताना असं व्हायचंच, म्हणाले. आणि मिस्त्री? मी विचारलं. त्यांनी चमच्याने साय बाजूला केली. त्यांना सवय आहे, म्हणाले.

परत आले तेव्हा मिस्त्रींचा गाल सुजला होता. सरांनी काय केलं, त्यांनी विचारलं.

"चहा दिला," मी म्हटलं.

त्यांनी बोर्डावर झाकण ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मी ती मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी बोर्ड बंद का, असं त्यांना दरडावून विचारलं. ते उत्तर देण्याआधी मी मध्ये गेले आणि इंग्रजीत सांगितलं, किल्ली माझ्याकडून हरवली. नाटक त्या आवाजाशिवाय झालं.