फ्रिजच्या दारावरचा कागद

आमच्या आत्याच्या स्वयंपाकघरात दोन फ्रिज होते. मोठ्यात दूध, भाजी, उरलंसुरलं. धाकट्यात कासवं. पाणी घ्यायला उठलेल्या एखाद्या पाहुण्याने चुकून धाकट्याचं दार उघडलं की त्याची तहानच पळायची. आत्या बसल्या जागेवरून म्हणायची, "लावा ते दार. झोपलीत ती." संपलं. पुढची उत्तरं द्यायला मी होतेच.

उत्तर असं, की थंडीत कासवं झोपतात. मोकळ्यावर असती तर मातीत खड्डा करून झोपली असती. तिसऱ्या मजल्यावर माती कुठून आणायची? आणि घरात हीटर चालू, म्हणजे धड झोप नाही आणि धड जाग नाही. म्हणून आत्या त्यांना तीन आठवडे उपाशी ठेवायची, मग मातीच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये झोपवायची. उपास कशासाठी ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, डबा घाण होऊ नये म्हणून. मला आधी वाटतं आणि मग मी बोलते, विचारत मात्र नाही. ही माझी जुनी खोड आहे.

आत्या शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या. एकदा सुट्टीनंतर दार उघडायला गेली तर पायरीवर बुटांचा खोका आणि खोक्यात सरडा. कोणाला तरी वाटलं असणार, शाळा आहे, ठेवून घेतील. शाळेने ठेवला नाही, आत्याने ठेवला. ती निवृत्त होईपर्यंत आमची मागची खोली काचेच्या पेट्यांनी भरली. लोक हौसेने आणतात हो. घेताना तळहाताएवढं असतं, दोन वर्षांत परातीएवढं होतं. मग कोणाला वास येतो, कोणाला बाळ होतं, कोणाची बायको म्हणते, एक तर तो साप राहील नाहीतर मी. असे सगळे साप आमच्याकडे. आत्याने स्वतः लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "सापाला न घाबरणारा मिळाला नाही, आणि मिळाला तो मला घाबरला."

मी तिच्या भावाची मुलगी. आईवडील गेल्यावर तिच्याकडे आले ती राहिलेच. दिवसभर ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर लोकांचे डाग ऐकून घ्यायचे आणि संध्याकाळी घरी येऊन कुरकुर करायचे. पेट्या पुसताना कुरकुर, सापांसाठी बर्फातले उंदीर काढताना कुरकुर. आत्या म्हणायची, "हात चालू दे, तोंड आपोआप दमेल."

जनावर न्यायला कोणी आलं की आत्या त्याला मागच्या खोलीत लाकडी खुर्चीवर बसवायची, जनावराच्या पेटीसमोर. एक तास. फोन बाहेर, गप्पा बंद. जनावर काही करत नाही आणि माणसानेही काही करायचं नाही. दहापैकी आठ जण वीस मिनिटांत उठायचे. "ज्याला तासभर कंटाळा सोसत नाही, त्याने कासव नेऊ नये. ते साठ वर्षं जगतं," असं म्हणून ती त्यांना वाटेला लावायची. दुसरा नियम, ज्याने जनावर सोडलं त्याला ते परत नाही. ही म्हणजे दगडावरची रेघ.

ती रेघ पुसली एका बस ड्रायव्हरने. घर मोडलं तेव्हा याने आमच्याकडे एक कासव आणून सोडलं होतं. बायको मुलीला घेऊन गेली, हा एका खोलीत राहायला आला आणि खोलीच्या मालकाला जनावर चालेना. आत्या जनावरांना नावं ठेवत नसे. ते तेरा नंबरच्या पेटीत गेलं म्हणून तेरा नंबर. त्याच्या मुलीने ठेवलेलं नाव दगडू. दोन वर्षांनी हा पठ्ठ्या दारात. आता दोन खोल्यांचं घर घेतलंय, मुलगी हिवाळ्यात माझ्याकडे कायमची राहायला येतेय, कासव द्या. आत्या म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "मग नुसता बसू का?" आणि दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, येऊन तासभर त्या खुर्चीवर बसायला लागला. काही मागायचा नाही. बसायचा, उठायचा, खुर्ची जागेवर लावायचा. तेरा नंबर झोपायला फ्रिजमध्ये गेलं तेव्हा तो फ्रिजसमोर बसला. मी आत्याला म्हटलं, "आता फ्रिजकडे बघणाऱ्या माणसाला तू काय म्हणणार?" पुढच्या गुरुवारी ती त्याला म्हणाली, "जागं झालं की घेऊन जा. पण पुन्हा आणून टाकलंस तर तुझी बस जिथे असेल तिथे येईन."

आणि मग आत्या जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात दीड महिना. तिथून तिने माझ्यासाठी कागद लिहून दिला, तो मी धाकट्या फ्रिजच्या दारावर चिकटवला. रोज सकाळी दार उघडून साठ आकडे मोज, आतली हवा बदलते. काटा पाचवर. दर रविवारी वजन, वहीत लिही. वजन फार उतरलं तर मला फोन कर. एक तारखेला बाहेर काढायचं.

मी सगळं केलं. कुरकुरले, पण केलं. साठ म्हणजे साठ मोजले.

एक तारीख महिन्यावर असताना एका शनिवारी सकाळी ड्रायव्हर मुलीला घेऊन आला. नऊ वर्षांची असेल. कोटाची गुंडी चुकीच्या काजात, नजर जमिनीवर. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, हिला वाटतंय मी दगडूला रस्त्यावर टाकून दिलं. मी खोटं बोलतोय असं वाटतंय तिला. चार दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. एकदा नुसतं दाखवा."

मी दार उघडून डबा दाखवला. पोरीने वाकून बघितलं आणि म्हणाली, "हा मेलाय. बाबा मेलेलं दाखवतात."

आता सांगा, काय करायचं? बापाचं तोंड मला बघवेना. आत्या असती तर तिने दोघांना खुर्चीवर बसवून दार लावून घेतलं असतं. मी आत्या नव्हते, मी चांगली होते. हो, तेव्हा मला अगदी असंच वाटलं, की आत्यापेक्षा मी चांगली आहे. मी डबा बाहेर काढला. तेरा नंबरला दिव्याखाली ठेवलं, जागं करताना आत्या देते तसं कोमट पाणी दिलं. दुपारपर्यंत मान बाहेर आली. पोरगी तिथून हलेना. रविवारी पुन्हा आली, खिशातून काकडी आणि कोवळी पानं घेऊन. दगडूने तिच्या हातातून काकडी खाल्ली. ती हसली आणि बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, ओळखलं मला." बाबा हा शब्द तिने तीन वेळा म्हटला. मी मोजला, मोजायची सवयच लागली होती. ड्रायव्हरने तोंड फिरवून घेतलं. मी म्हटलं, "आत्याला सांगू नका हं, मला फाडून खाईल." आम्ही तिघंही हसलो.

रविवारी संध्याकाळी ती दोघं गेली आणि मी कागदाकडे बघितलं. एक तारखेला बाहेर काढायचं, असं लिहिलेलं. एक तारखेला अजून चार आठवडे होते. मी शहाणी, नियमाने वागणारी. मी तेरा नंबरला पुसलं, मातीच्या डब्यात घातलं आणि फ्रिजमध्ये ठेवून दिलं.

त्याच्या पुढच्या रविवारी वजन केलं तर वाढलेलं. नऊशे चाळीस ग्रॅम होतं ते नऊशे सत्तर. मला इतकं बरं वाटलं. वजन उतरायची भीती, आणि इथे तर चढलंय. मी वहीत आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

एक तारखेला आत्या घरी होती, वॉकर धरून, रागावलेली, कारण दवाखान्यात तिला कोणी काम करू दिलं नव्हतं. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आण त्याला." मी डबा उघडला आणि आधी वास आला. मग पाय दिसले, लोंबकळलेले. आत्याने त्याला हातात घेतलं, उलटं केलं, डोळे पाहिले, पुन्हा सरळ केलं. मग म्हणाली, "वही दे."

ती आकड्यांवरून बोट फिरवत गेली. दोन रेघांपाशी थांबलं बोट. "फ्रिजमध्ये कासवाचं वजन वाढत नाही गं," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "पोटात अन्न असताना थंडीत ठेवलं की ते पचत नाही. आतल्या आत कुजतं. उपास त्यासाठीच असतो. काढलंसच होतंस तर बाहेर तरी ठेवायचं होतंस. एकदा जागं झालं ते झालं." तिने वही मिटली. "मी कागदावर लिहायला हवं होतं. झोपलेल्याला कोणी जेवायला घालेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आयुष्यभर बारीकसारीक गोष्टींवरून माझी खरडपट्टी काढणारी बाई त्या दिवशी आवाज चढवायला विसरली. म्हणाली, "पोरीने भरवलं म्हणून हे झालं, असं कोणाकडेही बोलायचं नाही. जन्मभर तिच्या हाताला चिकटेल ते. गप्प बसायचं, कळलं?" मी मान हलवली. आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. पोरीसाठी नाही, माझ्यासाठी.

आत्याने दोघांना बोलावून घेतलं. फोनवर सांगणं तिला पटेना. पोरगी त्या खुर्चीवर बसली, पाय जमिनीला टेकत नव्हते. आत्याने सांगितलं, दगडू झोपेत गेला. पोरगी कितीतरी वेळ आपले हात बघत होती. मग म्हणाली, "आजी, मी काकडी दिली म्हणून?"

"नाही," आत्या म्हणाली. "दवाखान्यात जायच्या आधी मी फ्रिजचं बटण चुकीचं लावून गेले होते. माझी चूक आहे."

हे मी तिच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकलेलं खोटं. ड्रायव्हर उठून उभा राहिला. तो ओरडला नाही. म्हणाला, "मला महिनोन्‌महिने या खुर्चीवर बसवलंत. मी लायक आहे का ते बघायला. आणि तुम्हाला स्वतःला एक बटण लावता येत नाही?" आत्या म्हणाली, "बरोबर आहे तुझं." मी दारात उभी होते, मूग गिळून. तोंड उघडायला दोन पावलंसुद्धा चालावी लागली नसती. मी नुसतं म्हणू शकले असते, फ्रिजमध्ये मी ठेवलं. मी म्हटलं नाही.

बसमध्ये दिवसभर माणसं भेटतात. गोष्ट पसरली. म्हातारी आता विसरते, तिच्या हातून कासव मेलं. जनावरांच्या डॉक्टरने आमच्याकडे लोक पाठवणं कमी केलं. तीस वर्षांत आत्याच्या फ्रिजमध्ये एकही दगावलं नव्हतं, तिला त्याचा अभिमान होता, आणि तो तिने असा देऊन टाकला. वर्षभरात पेट्या रिकाम्या होत गेल्या. चार वर्षांनी ती गेली. तोपर्यंत तिने मला त्या गोष्टीवरून एकदाही टोमणा मारला नाही. मी वाट बघत होते.

आता मागची खोली मी चालवते. ड्रायक्लीनिंगचं दुकान सोडलं. कुरकुर अजून आहे, ऐकायला कोणी नाही. धाकट्या फ्रिजच्या दारावर कागद आहे, आत्याच्याच सगळ्या ओळी, आणि खाली माझी एक ओळ, मोठ्या अक्षरात: जाग आली आणि एक घास जरी खाल्ला, तरी पुन्हा आत ठेवायचं नाही. पोटात कुजून मरतं.

गेल्या आठवड्यात दाराची बेल वाजली. बस ड्रायव्हरचा गणवेश घातलेली तरुण मुलगी, हातात बुटांचा खोका. "मावशी, मागच्या सीटवर कोणीतरी सोडून गेलं," ती म्हणाली. खोक्यात कासव होतं, तळहाताएवढं. मी तिला ओळखलं ते कोटाच्या गुंडीवरून. अजूनही चुकीच्या काजात.

स्वयंपाकघरात तिने इकडेतिकडे पाहिलं. "इथेच होतं ना ते? छोटा फ्रिज?" मी पटकन जाऊन फ्रिजला पाठ लावून उभी राहिले.

"तुमची आत्या मनाने चांगली होती हो," ती म्हणाली. "माफीसुद्धा मागितली होती तिने, मी एवढीशी असताना. मोठी माणसं कुठे मागतात? पण हाताने कच्ची. बाबा अजून चिडतात. मी त्यांना म्हटलं, त्या मावशींकडे नेते. त्यांनी दगडूला जागं केलं होतं, आठवतंय मला. त्यांच्याकडे सुखरूप राहील."

मी हो म्हटलं. कागदाचं टोक मानेला टोचत होतं. ती चहा पिऊन, कासवाच्या पाठीवरून बोट फिरवून, जिना उतरून जाईपर्यंत मी तिथून हलले नाही.