उचललेला भंडारा

आमच्या वस्तीवर ठरलेली लग्नं मोडली, सोयरिकी फिरल्या, जमिनीचे तोंडी व्यवहार फिसकटले. हे सगळं मी पाहिलं. पण बिरोबापुढं उचललेला भंडारा कुणी मोडलेला पाहिला नव्हता. निदान गरिबानं तरी. ताटातली हळदीची चिमूट उचलायची, देवाच्या नावानं शब्द द्यायचा आणि ती कपाळाला लावायची. झालं. त्यानंतर माणूस बांधला गेला. त्याचा विचार बदलला, परिस्थिती बदलली, तरी देवाला त्याच्याशी काही देणंघेणं नसायचं.

वस्ती लासुर्ण्याच्या पुढं, कालव्याच्या शेवटाला. आमचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. तात्यांच्या वेळेपर्यंत मेंढरं गेली आणि चार-पाच एकराची शेती उरली. तात्या म्हणजे माझे वडील. सगळी वस्ती त्यांना तात्या म्हणायची, म्हणून आम्ही पोरंही तेच म्हणायचो. त्यांची आई ते रांगत असतानाच गेली. त्यांना वाढवलं थोरल्या बहिणीनं, म्हणजे माझ्या आत्यानं; मोठी माणसं तिला आक्का म्हणायची. कळपामागं चालताना हा पोरगा तिच्या कडेवर असायचा. घाट उतरताना ती मेंढरांना शिव्या द्यायची आणि याला गाणी म्हणायची, असं ती स्वतःच सांगायची. नवरा वारल्यावर ती परत वस्तीवर आली ती कायमची. आमच्या घराला लागूनच तिचं छप्पर होतं.

भाऊबीजेला ती तात्यांना ओवाळायची तेव्हा कुंकवाच्या आधी भंडारा लावायची. त्यांच्या कपाळाला लावून झाला की बोटांना उरलेला स्वतःच्या कपाळाला पुसायची. "तुझं ते माझं," म्हणायची. दरवर्षी हेच.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट आहे. मी तेव्हा बारामतीला कॉलेजात जात होते, मतदानाचं वय व्हायला थोडंच कमी होतं. कन्हेरीची माझी एक मैत्रीण सकाळी नळ सोडून केस धुऊन यायची. आमच्याकडं पहाटे उठून कालव्याला पाणी असेल तर कालव्यावर आणि नसेल तर पाटलांच्या विहिरीवर जावं लागे. कालवा एकच, तिच्या गावाजवळून पुढं आमच्याकडं येणारा. येता येता त्याचं पाणी कुठं जायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मी मात्र बोलायचे. आत्या म्हणायची, "उचलली जीभ, लावली टाळ्याला. सासरी कसं व्हायचं तुझं?" आणि मग स्वतः माझ्यापेक्षा दुप्पट बोलायची.

गावात ग्रामपंचायत आबांच्या हातात होती. आबा म्हणजे मोठे ऊसवाले. घरी ट्रॅक्टर, जीप, दारात कायम माणसं. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही कबूल करावं लागतं. धाकट्या भावाच्या वेळी आई अडली होती तेव्हा आबांच्याच जीपमधून तिला बारामतीला नेलं. तात्या ते कधी विसरले नाहीत. आबांनीही ते कधी विसरू दिलं नाही.

मागच्या निवडणुकीला आबा वस्तीवर आले होते, बिरोबाच्या ओट्यावर बसले होते आणि त्यांनी स्वतः भंडारा उचलला होता की, वर्षाच्या आत वस्तीवर नळ आणीन. पाइपलाइन आली. गावठाण ओलांडून आबांच्या मळ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. पुढची पाच वर्षं आमच्या बायका त्या मळ्याच्या बांधावरून हंडे घेऊन जात होत्या. आतून पाण्याचा आवाज यायचा.

पुढच्या निवडणुकीची चाहूल लागली तसे आबा पुन्हा आले. पुन्हा ओटा, पुन्हा पितळी ताट. घरटी एक कर्ता पुरुष पुढं झाला, चिमूट उचलून म्हणाला, "आमच्या घरची मतं आबांच्या पॅनेलला." तात्याही म्हणाले. बायकांना ओट्यावर बोलवायची पद्धत नव्हती. आम्ही लांबून बघत होतो. आबांनी या वेळी भंडारा उचलला नाही. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, एक आत्या सोडून.

"ह्यो बाबा ह्या टायमाला हात कोरडा ठिवून गेला," ती आईला म्हणाली.

मग पंधरवड्यानं कळलं की आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी राखीव निघाली आहे. हे सगळं तेव्हा नवीनच होतं. आबांनी आपल्या सुनेचं नाव दिलं. ती पोरगी मुंबईकडची, वस्ती कुठल्या दिशेला आहे हेही तिला माहीत नसावं. तिचा तरी काय दोष म्हणा. पण वस्तीवरच्या बायका विहिरीवर जमल्या आणि तिथंच ठरलं की आत्यानं उभं राहायचं. नळासाठी. बाकी काही नाही, फक्त नळ वस्तीपर्यंत यायला हवा. आत्या आधी नाही म्हणाली, मग रिकाम्या हंड्याकडं बघून म्हणाली, "बरं. आन पडले तर मला हसायचं न्हाय."

तिला चिन्ह मिळालं शिलाई मशीन. "जन्मात सुईत दोरा ओवला न्हाय, आन सरकारनं मशीन दिली!" असं म्हणत ती घरोघर फिरली. बायका हसायच्या. पुरुष मान खाली घालायचे, कारण प्रत्येकाच्या कपाळाला भंडारा लागलेला होता. काहींनी ठरवलं, देव समजून घेईल. काहींच्या बायकांनी सांगितलं, आमचा हात त्या ताटात नव्हता, आम्ही मोकळ्या. माझी आईसुद्धा त्यातलीच. तिनं तात्यांना तोंडावर सांगितलं, "तुमी उचललाय, तुमी निस्तरा. मी आक्कालाच देनार."

तात्यांचं जेवण तुटलं. चार दिवस मी बघत होते, भाकरी कुस्करायचे आणि तशीच ठेवून उठायचे.

मी माझी अक्कल चालवली. म्हटलं, "तात्या, मत गुप्त असतं. पडद्याआड शिक्का मारायचा. कुणाला कळनार हाय?"

"बिरोबाला."

"मग जाऊच नका मतदानाला."

"देतो म्हनून बोललोय. न दिलं तरी त्यो खोटेपनाच."

मला तो तेव्हा निव्वळ अडाणीपणा वाटला. खरं सांगायचं तर अजूनही अर्धा वाटतो. उरलेल्या अर्ध्यासाठी मला अजून शब्द सापडलेला नाही.

शेवटी एक वाट उरली होती. ज्याच्यासाठी भंडारा उचलला त्यानंच मोकळं केलं तर माणूस सुटतो, असं जुनी माणसं म्हणायची. तात्या आबांकडं निघाले. मी बसला जायच्या निमित्तानं बरोबर गेले. आबा ओसरीत बसले होते. त्यांनी चहा मागवला, तात्यांना जवळ बसवलं, आईची तब्येत विचारली. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आबा, एकच मत मोकळं करा. बाकी तुमचंच. थोरली बहीन हाय. आईच्या ठिकानी हाय."

आबांनी मान हलवली. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, इतकं छान त्यांनी ते केलं. "तात्या, आक्का मला बी बहिनीवानीच. पन शब्द माझ्यापाशी कुठं हाय? त्यो बिरोबापाशी हाय. देवाच्या मधी मी कसा पडू?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. "मग आबा, नळाचा शब्द कुनापाशी हाय?"

ते मोठ्यानं हसले. "पोरगी शिकली, तात्या. ब्येस झालं." तात्यांनी माझा दंड धरून मला पायऱ्यांवरून खाली आणलं. रस्त्याला लागेपर्यंत सोडला नाही. दंडावर त्यांची बोटं उमटली होती आणि ते स्वतः रडत होते. मी माझ्या बापाला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. मला आबांचा इतका संताप आला की बस आली आणि गेली तरी मी तिथंच उभी राहिले.

लोकांनी आत्याला सांगितलं की तात्या भंडाऱ्याला अडलाय. ती हसली. "धाकट्याचं काय इचारायचं? त्यो मला सोडून कुठं जानार?" ती घरोघर मत मागत फिरली, आमच्या दारावरून दहा वेळा गेली, पण तात्यांना तिनं मत मागितलं नाही. आपल्या हाताला आपणच कशाला विचारायचं, असं तिचं होतं. आणि तात्यांना आपणहून सांगायचं धैर्य झालं नाही. आईनं दोनदा ढकललं, तात्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आले.

मतदान शाळेत झालं. मी बाहेर चिंचेखाली उभी होते. तात्या नवं धोतर नेसून आले, कपाळाला ताजा भंडारा होता. आत गेले आणि लगेच बाहेर आले. आत्या दाराशी बसली होती, त्यांच्याकडं बघून तिनं डोळा मिचकावला. तात्या तिच्याकडं न बघता सरळ घराकडं चालू लागले. तिला वाटलं, पुढाऱ्याचा भाऊ म्हणून रुबाब करतोय.

मोजणी इंदापूरला तहसील कचेरीत झाली. आत्या एका मतानं पडली. बायकांनी आरडाओरडा केला, म्हणून पुन्हा मोजलं. तेच निघालं. मग कुणीतरी शोधून काढलं की आमच्या चुलत आजोबांच्या नावावर मत पडलंय. आजोबांना जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. मोजणीवरचे साहेब म्हणाले, हरकत मतदानाच्या वेळीच घ्यायची असते. जिवंत माणसाला भंडाऱ्यानं बांधून ठेवलं होतं आणि मेलेला माणूस मोकळा फिरून मत देऊन गेला. आबांच्या माणसांनी कचेरीबाहेर गुलाल उधळला. सून कुठंच दिसली नाही. हार तिच्या नवऱ्याच्या गळ्यात पडले.

आम्ही टेंपोतून परत आलो. आत्या वाटेत सगळ्यांची समजूत घालत होती. एका मतानं म्हणजे काय पडणं झालं का, पुढच्या टायमाला बघू. वस्तीवर उतरली आणि थेट आमच्या ओसरीत आली. तात्या खांबाला टेकून बसले होते. एक मत कमी पडलं एवढंच त्यांना कळलं होतं. ते उठले नाहीत.

आत्यानं त्यांचा चेहरा पाहिला. मला वाटतं, तिला तेव्हाच समजलं. तरी तिनं विचारलं.

"दिलंस?"

खोटं बोलता आलं असतं. कोण बघायला गेलं होतं? मी मनातल्या मनात ओरडत होते, तात्या, हो म्हणा. देवाला दिलेला शब्द पाळला ना, आता बहिणीशी एकदा खोटं बोला.

"न्हाय आक्का," तात्या म्हणाले.

ती आईकडं वळली. म्हणाली, "पानी भरलंस का गं आज? माझं ऱ्हायलं." आणि हंडा घ्यायला निघून गेली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. आपलेच दात आपलेच ओठ, असं म्हणून वस्तीतल्या बायकांनी दोघांना एकत्र बसवायचा प्रयत्न केला. तिनं कुणाचं ऐकून घेतलं नाही आणि कुणाला उलटही बोलली नाही. आमच्याशी, आईशी पहिल्यासारखीच होती. फक्त तात्या आले की ती कामाला लागायची. नळ आला नाही. सून कुठंतरी सही करायची आणि गरज सरली तशी वस्ती पुन्हा आबांच्या नजरेआड झाली.

त्या दिवाळीत भाऊबीजेला आईनं पाट मांडला आणि आत्या येणार नाही असं धरूनच सगळे बसले. ती आली. हातात ताट, तेच निरांजन. तात्या इतके घाईनं पाटावर बसले की टोपी पडली. तिनं ती उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली, लहान पोराला घालतात तशी नीट केली. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. ताटात भंडाऱ्याची वाटी नव्हती. तात्या कपाळ पुढं करून तसेच थांबले होते.

"आक्का, भंडारा?"

"त्यो तुला दुसऱ्यानं लावलाय," आत्या म्हणाली. "त्याच्यावर मी कसा लावू?"

आवाजात राग नव्हता. म्हणूनच तो सहन होत नव्हता. तात्यांनी ओवाळणी टाकली, तिनं ती घेतली, फराळ केला, आणि गेली. त्यानंतर ती दरवर्षी आली. दरवर्षी कुंकू, अक्षता, ओवाळणं. भंडाऱ्याची वाटी तिनं पुन्हा आणली नाही आणि तात्यांनी पुन्हा मागितली नाही.

दशक संपत आलं तेव्हा ती गेली. तापाचं निमित्त झालं. शेवटच्या दिवसापर्यंत पाणी भरत होती. मी बारामतीहून पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. आबा आले होते, हार घेऊन. तात्यांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते बिरोबाच्या ओट्यावर जाऊन आले. मूठ घट्ट मिटलेली होती. माहेरचं लुगडं तिच्या अंगावर घातलं, तिच्या उशाला बसले आणि तिच्या कपाळाला भंडारा लावला. भरपूर लावला, भुवयांपर्यंत.

बोटांना पिवळं उरलं होतं. सवयीनं त्यांचा हात स्वतःच्या कपाळापर्यंत गेला. तिथं थांबला. मग त्यांनी ती बोटं धोतराला पुसली.