घामाची वाट बघत होतो आम्ही

दातांच्या डॉक्टरने माझ्या भाच्याचा जीव वाचवला.
त्या कुमुद मॅडम आज सकाळी गेल्या.

ओंकार तीन वर्षांचा झाला तरी तोंडात दोनच दात. तेही सुळ्यासारखे टोकदार.
चाकणमध्ये यावर सल्ला फुकट. प्रत्येकाचा एक चुलतभाऊ असतो. त्याला म्हणे पाचव्या वर्षी दात आले आणि आज तो कंपनीत सुपरवायझर आहे.

शेवटी भोसरीला मॅडमची अपॉइंटमेंट घेतली.
एप्रिलची दुपार. नेमका त्याच दिवशी पोराला ताप.
माझ्या बहिणीने, मंदाने, त्याला गोधडीत गुंडाळलेलं. घाम फुटला की ताप उतरतो, यावर आमच्या खानदानात कधी मतभेद झाला नाही.

मॅडमनी त्याचा ओठ उचलून पाहिला. मग गोधडीत हात घातला.
चेहराच बदलला.

"याला घाम येतो का?"
"त्योच काढतोय की मॅडम!"
"आजचं नाही विचारत. कधी आलाय? खेळून आल्यावर शर्ट ओला?"
मंदा आठवत राहिली.
"न्हाई वो. कधीच न्हाई."
"सोडा ती गोधडी! आधी सोडा!"

पोराचे डोळे वर गेले होते.

मॅडमनी त्याला उचलून थेट बेसिनच्या नळाखाली धरलं.
मंदा किंचाळली, "अवो, तापात गार पाणी? मरंल त्यो!"
"गोधडीत मरेल! घाम येण्याची सोयच नाही याच्या अंगात. दात आणि घाम, दोन्हींचा बिघाड एकच आहे, जन्मापासूनचा. मामा, बघत काय उभे राहिलात? वारा घाला!"

हाताला लागला तो पुठ्ठा उचलला. दात कसे घासावेत याचा तक्ता होता.
तेवढा वेळ मला एकही विनोद सुचला नाही. मला ओळखणाऱ्यांनी समजून घ्यावं.

मग ओंकार कण्हला.
"आई, पानी."
मॅडम फरशीवरच बसल्या.

पुढे बालरोगतज्ज्ञ वगैरे सगळं त्यांनीच जुळवून दिलं. चौथ्या वर्षी त्याला कवळी बसवली. जबडा वाढला की नवीन.
"एवढ्याशा पोराला कवळी?" आमच्या एका काकांनी क्लिनिकमध्येच विचारलं.
"तो हसतो का तुमच्या चष्म्याला?" मॅडम.

आज ओंकारला सांगितलं. आता सातवीत आहे.
त्याने कवळी काढली, धुतली, डबीत ठेवली. मग हमसून हमसून रडला.

"मॅडमनीच सांगितलंय मामा. रडायच्या आधी काढायची."

मॅडम, आमच्या अख्ख्या घराचा शेवटचा नमस्कार.