गुहेतले दिवे

ह्यांची नजर फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिसतंय तोवर सगळं दाखवावं म्हणून मी ह्यांना घेऊन गावोगाव फिरत होते. त्या दिवशी आम्ही जमिनीखालच्या गुहेत उतरलो. छतावरून दगडाची झुंबरं लोंबत होती. “किती सुंदर, नाही?” मी म्हणाले.

“हो ना,” हे म्हणाले.

मग गाइडनं गंमत म्हणून सगळे दिवे घालवले. लोक किंचाळले, हसले. उजेड परत येणार अशी खात्री असली, की अंधाराचीही गंमत वाटते.

“अगं, का ओरडतायत सगळे?” ह्यांनी विचारलं.

मी त्यांचा हात घट्ट धरला. देवा, आता दिवे लागूच देऊ नकोस, असं मी म्हणत होते आणि दिवे लागले.