जिभेची परीक्षा

नणंदेने वहिनीला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ती साबणाची वडी जिभेला लावत होती.

"वहिनी, घरात खायला काही उरलं नाही का?"

"हसा वन्सं, हसा! आतला कॉस्टिक सोडा मुरला नसेल, तर जीभ चुरचुरते. असली वडी अंगाला लावायची नाही."

त्याच दुपारी एका हॉटेलचा मॅनेजर दारात आला. गवती चहाच्या वासाच्या दोनशे वड्या त्याला लगेच हव्या होत्या. वहिनीच्या घरगुती धंद्यातली ही पहिलीच मोठी ऑर्डर. फळीवर दोनशे वड्या होत्याही, पण त्या मुरायला अजून तीन आठवडे हवे होते.

"दिसतात तर झकास. कोणाला कळणार आहे?" मॅनेजर म्हणाला.

"माझ्या जिभेला कळलंय ना!"

तो तणतणत निघून गेला. एरवी वहिनीला नावं ठेवण्यात नणंदेचा हात कोणी धरला नसता. पण हातातोंडाशी आलेला घास असा सोडलेला तिने पाहिला आणि त्या दिवसापासून ती ज्याला त्याला सांगू लागली, "आमची वहिनी म्हणजे खणखणीत नाणं!"

तीन आठवड्यांनी तोच मॅनेजर परत आला. या वेळी त्याने आधी विचारलं, "मुरल्या का?"

आता ते हॉटेल दीड महिना आधी ऑर्डर देतं, आणि प्रत्येक घाण्यातली पहिली वडी वहिनी अजूनही स्वतःच्याच जिभेला लावून बघते.