तोंड काहून झाकू?

मी शिरड शहापूरजवळचं आमचं गाव सोडलं तेव्हा सकाळ होती आणि गल्लीतली सगळी दारं उघडी होती. तरी निरोप द्यायला कुणी बाहेर आलं नाही. आबा मेंढरांमागे निघून गेले होते, आई दारात उभी होती आणि थोरली ताई माझी बॅग घेऊन फाट्यापर्यंत आली. आमच्या घराशी कुणी बोलायचं नाही, असं जमातीच्या पंचांनी ठरवून दिलं होतं.

कारण ताईच होती. नवरा मारायचा म्हणून ती माहेरी निघून आली. पंचांनी बैठक घेऊन तिला परत धाडायचा निकाल दिला. आबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, “लेकरू हाय माझं. मेंढरू न्हाई, हाकून द्यायला.” त्यानंतर आम्हाला लग्नाकार्याचं बोलावणं येईना. खतासाठी रानात मेंढरं बसवायला आबांना कुणी बोलावेना. गावातली गिरणी आमचं दळण घेईना, म्हणून आई डोक्यावर पाटी घेऊन दुसऱ्या गावाला जाऊ लागली.

पुण्यात मी एका स्टुडिओत एडिटिंग शिकले. फुटेज, टाइमलाइन, सबटायटल हे शब्द तोंडात बसले आणि ‘काहून’च्या जागी ‘का’ आला. गाव सोडून आलेल्या सगळ्यांचं असंच होत असावं, बोली आधी सुटते. पण स्क्रीनवर लोकांची दुःखं कापत-जोडत बसलं की मला घरच आठवायचं. शेवटी दोन सहकाऱ्यांना घेऊन गावी गेले आणि आमच्या बहिष्कारावर माहितीपट केला. आई-आबा कॅमेऱ्यासमोर आले नाहीत. ताई आली. चेहरा धूसर करू, नाव बदलू, असं मी तिला परोपरीनं सांगितलं. ती म्हणाली, “तोंड काहून झाकू? म्या काय केलं?”

त्या माहितीपटाला मानवी हक्कांवरच्या कामासाठी दिला जाणारा पुरस्कार मिळाला. दिल्लीतल्या सभागृहात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ताईलाही निमंत्रण होतं, पण मेंढरं आणि आई-आबांना सोडून ती आली नाही. बातमी जिल्ह्यात पोहोचली, पंचांना पोलिसांनी चौकशीला बोलावलं आणि आठवड्याभरातच पंचांचा निरोप आमच्या घरी आला. सिनेमातलं सगळं खोटं आहे असं मी मोबाईलसमोर बोलावं. मग घरावरची बंदी उठेल.

आईचा फोन आला. तिची बहीण आजारी होती आणि बहिणीला भेटायलाही आईला कुणी जाऊ देत नव्हतं. “एक बार म्हण ना,” ती म्हणाली. “लई तकलीफ व्हायली आता.” मग ताईनं फोन घेतला. तू खोटं म्हणालीस की मला न्यायला दुसऱ्या दिवशी सासरची गाडी येईल, एवढं तिनं शांतपणे सांगितलं.

इकडे आई, तिकडे ताई. पुण्यात माहितीपट दाखवला की हमखास कुणीतरी विचारायचं, आता सुधारलं ना सगळं? मी स्टेजवर हसून काहीतरी बोलायचे आणि खोलीवर आले की जेवण जायचं नाही.

मी गावी गेले. पंचांचा माणूस अंगणात मोबाईल धरून उभा राहिला. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, “सिनेमात हाय ते समदं खरं हाय.” त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि निघून गेला. ताई गोठ्याकडे वळली. खांद्यावरून तिचा पदर सारखा घसरत होता, तो सावरायचंही तिला सुधरेना. आई चुलीपुढं बसून राहिली. संध्याकाळी तिनं मला एवढंच सांगितलं, “आता इकडं येऊ नको. तू आली की समदं पुन्हा उकरून निघतंय.”

बंदी अजून उठलेली नाही. मावशी गेली, आईला तोंड पाहायला मिळालं नाही. ताईला न्यायला मात्र कुणी आलं नाही. ती औंढ्याला देवळाजवळच्या एका दुकानात कामाला जाते आणि मेंढरं कोंडायच्या वेळेला घरी परतते. मी पुण्यात आहे. बस रोज सुटते, तिकीट मिळतं, आणि मला जाता येत नाही.

आबा अधूनमधून फोन लावतात. त्यांना फोनवर बोलता येत नाही. मेंढरांचा आवाज येत राहतो. मग ते “ठिवतो” म्हणतात. परवा त्यांनी ठेवायच्या आधी मागून आईचा आवाज आला. ती माझ्याशी बोलत नव्हती, आबांना सांगत होती, “जेवली का इचारा तिला.”

आबांनी विचारलं. मी व्हय म्हणाले.